खानांच्या दोन लेकी आणि आपलं बडोदं

दांडियाबाजारकर | शनिवार, रात्री १०:४०

'खान' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक तर मुंबईचे नट येतात, नाही तर प्रतापगडाचा पायथा. मला ज्या दोघींबद्दल लिहायचंय त्या यातल्या कशातच बसत नाहीत. दोघींची पाळंमुळं बडोद्यात, दोघींची घरं गाण्याची, वयात जेमतेम नऊ वर्षांचं अंतर. आणि दोघींना कधी ना कधी 'खान' उतरवून ठेवावं लागलं. एक नाटकात गेली, दुसरी हेरगिरीत.

आधी नाटकवाली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ तरुणपणी सयाजीरावांच्या पदरी गायक होते. सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकायची. माने म्हणजे राजघराण्याच्या नात्यातले. गुरू-शिष्येचं सूत जुळलं, बडोद्यात राहण्याची सोय उरली नाही, दोघं मुंबईला निघून गेली. १९०५ साली मिरजेत त्यांना मुलगी झाली, चंपाकळी. पुढे खाँसाहेब आणि ताराबाईंचं फाटलं. ताराबाईंनी मुलं स्वतःकडे ठेवली आणि सगळ्या घराचं बारसं नव्याने केलं. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकळीच्या हिराबाई झाल्या, त्याच पुढे हिराबाई बडोदेकर. धाकटी सकीना म्हणजे सरस्वती राणे. सख्खी भावंडं, तीन आडनावं, त्यांत खान कुठेच नाही.

हिराबाईंचं गाणं सगळ्यांना ठाऊक आहे. तिकीट लावून बाईने जाहीर मैफल करायची, हा पायंडा पाडणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घेतात. पण त्यांनी स्वतःची नाटक कंपनी काढली आणि बायकांच्या भूमिका बायकांनी करायच्या असं ठरवलं, हे आपण पटकन विसरतो. समोरचा प्रेक्षक बालगंधर्वांच्या शालूवर पोसलेला. खरी बाई रंगमंचावर आली की तीच त्याला खोटी वाटायची! ते धाडस सोपं नव्हतं.

आता दुसरी. नूर इनायत खान. तिचे पणजोबा मौलाबक्ष. बडोद्याची गायनशाळा त्यांनी १८८६ साली सुरू केली, तीच आजची सूरसागरसमोरची आपली म्युझिक कॉलेजची परंपरा. गाणं कागदावर उतरवण्याची स्वतःची स्वरलिपी त्यांनी तयार केली होती. त्यांचे नातू इनायत खान १८८२ साली इथेच जन्मले, याकूतपुऱ्यातल्या घरात. वीणा वाजवायचे. १३ सप्टेंबर १९१० ला सूफी विचार आणि संगीत घेऊन बोटीने परदेशी निघाले. अमेरिकेत ओरा रे बेकर भेटली, लग्न झालं. १ जानेवारी १९१४ ला मॉस्कोत नूर जन्मली. वाढली पॅरिसजवळ. सॉर्बोनमध्ये बालमानसशास्त्र शिकली, वीणा आणि हार्प वाजवायची, १९३९ मध्ये जातककथांचं पुस्तक लिहिलं. फ्रान्स पडल्यावर घर सोडून इंग्लंडला आली आणि १९४० च्या नोव्हेंबरात हवाई दलाच्या महिला विभागात भरती झाली. कागदावर नाव दिलं नोरा बेकर.

माझ्या डोक्यात जे घोळतंय ते हे: दोन्ही घरांवर वेळ आली तेव्हा बापाचं नाव बाजूला झालं आणि आईचं माहेर कामाला आलं. एका घरात माने, दुसऱ्या घरात बेकर.

नोराची पुढे ब्रिटिश गुप्त सेवेत 'मॅडलिन' झाली, हे तिचं सांकेतिक नाव. १९४३ च्या जूनमध्ये, १६-१७ च्या रात्री, छोट्या लायसँडर विमानाने तिला फ्रान्समध्ये उतरवलं. शत्रूच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली महिला वायरलेस ऑपरेटर. तिथलं नाव आणखी तिसरं, जान-मारी रेनिये, धंदा मुलं सांभाळण्याचा. पोचून फार दिवस झाले नाहीत तोच आजूबाजूचं सगळं जाळं जर्मनांनी पकडलं. लंडनने परत ये म्हटलं, ती थांबली. ऑक्टोबरात पकडली गेली. १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. वर तिच्या वडिलांनी हिंदुस्थान सोडल्याची तारीख दिली आहे ती परत बघा.

बाकीचं मंडळींनी भर घालावी. घाईत लिहिलंय.


मेधाविनी | रात्री ११:०५

छान धागा, खूण साठवली. एक शंका. गवयांच्या घरात 'खाँ' ही मुळात उपाधी, आपल्याकडच्या बुवा किंवा पंडित सारखी. नूरच्या बाबतीत तर वडिलांचं नाव अधिक उपाधी मिळून युरोपात आडनाव झालंय. मग या दोघी 'एकाच आडनावाच्या' म्हणायच्या का?


दांडियाबाजारकर | रात्री ११:१८

मेधाताई, नात्याने त्या एकमेकींच्या कोणी नव्हत्या आणि माझा तसा दावाही नाही. पण भरतीच्या फॉर्मवर जे लिहावं किंवा लपवावं लागतं ते व्यवहारात आडनावच. लपवायची वेळ दोघींवर आली.


सराफा_रात्री_११ | रात्री ११:३१

इंदूरहून राम राम भिया लोग! हिराबाई-नूर मान्य, पण खान, नट आणि हेर हे तिन्ही एकत्र पाहिजेत तर आमच्याकडे या. सलमानचा जन्म इंदूरचा, १९६५. वडील सलीम खानही इंदूरचेच, १९३५. सलीमसाहेब मुंबईला गेले तेही नट व्हायला, लेखक नंतर झाले. सलमानच्या आईचं माहेरचं नाव सुशीला चरक, आणि त्यांची आई मराठी. आणि २०१२ पासून भाऊ पडद्यावर रॉचा एजंट! म्हणजे आडनाव, अभिनय, हेरगिरी, मराठी आजोळ, सगळं एका पत्त्यावर.


लष्करवाला | रात्री ११:४४

त्यात ग्वाल्हेरचा वाटा राहू देऊ नका. सलमान आणि अरबाज दोघंही काही वर्षं आमच्या किल्ल्यावरच्या सिंदिया स्कूलमध्ये होते. आणि संगीतातला खान हवा तर सरोदचे अमजद अली खान १९४५ चे, जन्माने ग्वाल्हेरकर.


दांडियाबाजारकर | रात्री ११:५२

सलमानवरून धागा सरकणार हे ठाऊकच होतं :) पण इंदूरकरांनी मुद्दा नकळत बरोबर आणून ठेवलाय. पडद्यावरचा खान एजंट आला की चार गाड्या उडतात आणि सगळ्या गावाला कळतं की हा एजंट आहे. खऱ्या खान एजंटचं सगळं कसब एका सुटकेसमध्ये होतं आणि ते कोणाला दिसू नये यातच तिचा जीव अडकलेला.


बिनतारी | रविवार, सकाळी ८:१०

सुटकेसबद्दल मी सांगतो. निवृत्त माणूस आहे, आयुष्य दूरसंचारात गेलं, म्हणून हात शिवशिवले.

तो संच पंधरा किलोच्या आसपास वजनाचा असायचा. दिसायला साधी प्रवासी बॅग, आत ट्रान्समीटर, रिसीव्हर, वीजपुरवठ्याचा भाग आणि मोर्सची कळ. फ्रिक्वेन्सी ठरायची क्वार्ट्झच्या स्फटिकावर. प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा स्फटिक, तो खिशात घेऊन हिंडायचा. खरी अडचण एरियलची. चांगली वीसएक मीटर तार ताणून बांधायला लागते. पॅरिसच्या गल्लीत वीस मीटर तार लपवून दाखवा बरं! नूरबद्दल एक किस्सा सांगतात. खिडकीबाहेर झाडावर तार टाकण्याची खटपट चालली असताना मागून एक जर्मन अधिकारी येऊन म्हणाला, मदत करू का? तिने 'हो' म्हटलं आणि त्याच्याकडूनच तार बांधून घेतली. त्याला वाटलं, पोरगी रेडिओवर गाणी ऐकणार असेल.

जर्मनांकडे दिशा शोधणाऱ्या गाड्या होत्या. दोन-तीन ठिकाणांहून सिग्नलची दिशा घ्यायची, नकाशावर रेषा ओढायच्या, रेषा छेदतात तिथे ऑपरेटर. आणखी एक युक्ती म्हणजे एकेका भागाची वीज क्षणभर तोडायची. वीज गेली आणि संदेश मधेच तुटला, की समजायचं घर याच गल्लीत आहे. म्हणून बॅटरीवर काम करणं बरं, पण मग बॅटरी वाहायची कोणी? एका जागेवरून जास्त वेळ बोलायचं नाही, लगेच मुक्काम हलवायचा. अशा ऑपरेटरचं आयुष्य तेव्हा सरासरी ६ आठवडे धरत. ही मुलगी जून ते ऑक्टोबर टिकली, तेही बाकीचे सगळे पकडले गेल्यावर पॅरिसमध्ये जवळपास एकटी. या एका गोष्टीसाठी मी तिला दंडवत घालतो.


शंकासुर | सकाळी ९:२६

दंडवताआधी दुसरी बाजूही येऊ द्या. नूर चांगली हेर होती का? तिच्या शिक्षकांनीच शेरे मारलेत की ही या कामाला योग्य नाही. प्रशिक्षणात गेस्टापोच्या, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांच्या, चौकशीचं नाटक करायचे, मध्यरात्री उठवून, दिवे डोळ्यांवर मारून. त्यात ती गारठून गेली, तोंडातून शब्द फुटेना. खोटं बोलणं जमत नाही म्हणून चिंता होतीच.

त्याहून गंभीर म्हणजे तिने पाठवलेल्या संदेशांच्या नकला वहीत जपून ठेवल्या होत्या. ती पकडली गेली तेव्हा वहीही सापडली. मग जर्मन तिच्याच संचावरून लंडनशी बोलत राहिले. १९४४ च्या फेब्रुवारीअखेरीस त्या बनावट संदेशांच्या भरवशावर लंडनने माणसं विमानातून उतरवली. खाली स्वागताला गेस्टापो. त्या तुकडीत मॅडलिन डॅमेरमाँ ही फ्रेंच मुलगी होती. तिला नंतर गोळी घातली ती डाखाऊला, त्याच सकाळी, नूरसोबत. हे वाचून मला दोन दिवस काही सुचलं नव्हतं. शौर्य मान्य, पण गलथानपणाची किंमत दुसऱ्यांनी मोजली, हेही लिहा.


दांडियाबाजारकर | सकाळी १०:०२

शंकासुरराव, तुम्ही दिलेली माहिती खरी आहे आणि धाग्यात ती हवीच होती. पण तो हिशोब नूरच्या एकटीच्या खात्यावर मांडणं मला पटत नाही. ऑपरेटर संदेशात ठरलेल्या खुणा पेरायचा, त्या नसल्या की समजायचं बाई शत्रूच्या हातात आहे. ती खबरदारी लंडनकडे होती, तरी शंका येऊनही संदेश खरे धरले गेले. अयोग्य असा शेरा असलेल्या मुलीला पाठवलं कोणी? ऑपरेटर कमी पडत होते, तिचं फ्रेंच उत्तम होतं, म्हणून त्यांनीच.

आणि नाटकाच्या चौकशीत गारठलेली ही मुलगी खऱ्या चौकशीत काय करते ते बघा. ८४ अव्हेन्यू फॉश, पॅरिसमधलं जर्मन गुप्तचरांचं मुख्यालय. तिथे आणल्या आणल्या आंघोळीचं निमित्त करून न्हाणीघराच्या खिडकीतून छपरावर चढली. पकडली. नंतर आणखी दोन कैद्यांबरोबर वरच्या झरोक्यातून निसटली, तर नेमका हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला, कैद्यांची मोजणी झाली आणि पुन्हा सापडली. पुन्हा पळणार नाही असं लिहून द्यायला तिने नकार दिला. तेव्हा तिला जर्मनीत फोर्झहाइमच्या तुरुंगात पाठवलं, हातापायांत साखळ्या, एकांतवास. हान्स कीफर हा अव्हेन्यू फॉशच्या मुख्यालयाचा प्रमुख. त्याने युद्धानंतरच्या तपासात सांगितलं की तिने आम्हाला काही सांगितलं नाही आणि तिच्या कुठल्याच शब्दावर भरवसा ठेवता येत नव्हता. खोटं बोलता येत नाही असा शेरा मिळालेली मुलगी!


सुमनताई_रावपुरा | सकाळी ११:१५

दांडियाबाजारकरा, हेराच्या नादात हिराबाईंना दोन परिच्छेदांत गुंडाळलंस. आमच्या घरात त्यांच्या तबकड्या होत्या, माझे सासरे नाटकवेडे, म्हणून मला राहवत नाही.

हिराबाईंचं बसणं बघ. मैफलीत गायला बसल्या की हातवारे नाहीत, तोंड वेडंवाकडं नाही, पदर दोन्ही खांद्यांवरून नीट घेतलेला. त्या काळी गाणाऱ्या बाईकडे लोक कुठल्या नजरेने बघत हे तुम्हा मुलांना नाही कळायचं. त्या बसण्यानेच त्यांनी सांगितलं की ही घरंदाज बाई आहे, ऐकायचं तर गाणं ऐका. मला विचारशील तर त्यांचा मोठा अभिनय नाटकात नव्हताच, तो इथे होता. रोज, आयुष्यभर. आणि गंमत बघ, त्यांच्या वडिलांना मुलींनी असं जाहीर गायलेलं रुचणारं नव्हतं, पण गळ्यात तान उतरली ती त्यांच्याच घराण्याची. तालीम झाली अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे आणि भाऊ सुरेशबाबूंकडे. म्हणजे पाटीवरून खान गेले, गळ्यातून कुठे गेले?

१९७० साली पद्मभूषण मिळालं, १९८९ ला गेल्या. सरस्वतीबाईंनी तर सिनेमातही पार्श्वगायन केलं. अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत, एका लहानशा स्टेशनावर. मिरजेला दर्ग्यात त्यांची कबर आहे, उरुसाला तिथे अजून गवई गातात.


मेधाविनी | सकाळी ११:४०

ताई, 'रोज, आयुष्यभर' हे वाक्य फार आवडलं. त्यावरून वाटलं, दांडियाबाजारकरांनी दोघींना एका तराजूत टाकलंय ते पूर्ण पटत नाही. चंपाकळीचं नाव आईने बदललं, ते घर चालावं आणि समाजात मुलं निभावून जावीत म्हणून. त्या नावात राहून ती मोठी झाली, ते तिचं खरंच नाव झालं. नूरचं बेकर हे कामापुरतं होतं.


दांडियाबाजारकर | दुपारी १२:३०

कामापुरतं घेतलं खरं, पण तेही अंगाला चिकटलं. फोर्झहाइमच्या तुरुंगात कैद्यांना जेवणाची भांडी फिरून यायची. नूरने आपल्या भांड्याच्या बुडावर टोकदार कशाने तरी खरवडून नाव-पत्ता लिहिला, म्हणजे ते भांडं ज्या कैदी बाईकडे जाईल तिला कळावं की इथे कोण आहे. तिने खरवडलं 'नोरा बेकर', आणि खाली लंडनचा पत्ता, ४ टॅव्हिटन स्ट्रीट. नूर नाही, मॅडलिन नाही.

२०२० च्या ऑगस्टमध्ये त्याच पत्त्यावर लंडनची ती प्रसिद्ध निळी पाटी लागली. पाटीवर नाव आहे नूर इनायत खान. भारतीय वंशाच्या स्त्रीला मिळालेली ती पहिली निळी पाटी. त्याआधी २०१२ मध्ये जवळच गॉर्डन स्क्वेअरमध्ये पुतळा बसला. १९४९ साली शौर्यासाठीचा ब्रिटिश जॉर्ज क्रॉस मरणोत्तर मिळाला होता, फ्रान्सचं शौर्यपदक क्रुआ द गेर तर त्याही आधी.

हिराबाईंच्या बाबतीत उलटं. त्यांच्या नावाच्या पाटीवर 'खान' कधीच परतलं नाही, आणि ते परतावं असं त्यांना वाटलं असेल असंही नाही. मेधाताई, एवढ्यापुरता तुमचा तराजूचा आक्षेप मान्य.


बिनतारी | दुपारी १:०५

आणखी एक. ती इंग्रजांची भक्त वगैरे नव्हती. अधिकारीपदाच्या मुलाखतीत तिने सरळ सांगितल्याचं म्हणतात की युद्ध संपलं की मी हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभी राहीन. १९४२ साली, इंग्रज अधिकाऱ्यांच्या तोंडावर! शंकासुरांच्या 'खोटं बोलता येत नाही' या मुद्द्याला हा पुरावा जोडा.


सराफा_रात्री_११ | दुपारी २:२०

ही गोष्ट पडद्यावर आली का? आमचा भिया तर ही भूमिका करणार नाही.


मेधाविनी | दुपारी २:३४

आली की. २०१९ च्या एका इंग्रजी सिनेमात नूर केलीय आपल्या राधिका आपटेने. खान हेर, आपटे नटी. आडनावाचा हट्ट धरणाऱ्यांची पंचाईत.


लष्करवाला | दुपारी ३:०१

:) पण मूळ प्रश्न राहिला. जन्म मॉस्को, वाढ पॅरिस, नोकरी लंडन. तिला बडोद्याची म्हणायचं कशावरून?


सुमनताई_रावपुरा | दुपारी ४:१०

अरे बाबा, माहेरची कुलदेवता गावात असली की चार पिढ्यांनंतरही लेक त्या गावची म्हणतो ना आपण? तिच्या बापाचं आणि पणज्याचं घर इथे, गाणं इथलं, वीणा इथून गेलेली. तुमच्या ग्वाल्हेरने दोन वर्षांच्या शाळेवर सलमान मागितला, तेव्हा आम्ही काही बोललो का?


लष्करवाला | दुपारी ४:१५

शरणागती.


शंकासुर | सायं. ६:४८

माझं मत बदललेलं नाही. तिला पाठवायला नको होतं आणि ती वही जाळायला हवी होती. पण कीफरची साक्ष आणि जेवणाचं भांडं यांपुढे माझ्याकडे उत्तर नाही. बडोद्याचा आणखी एक हेर सुटला तुमच्याकडून. रॉचे संस्थापक रामेश्वरनाथ काव. जन्म काशीचा, १९१८, काश्मिरी पंडित, पण काकांनी वाढवलं आणि सुरुवातीची शाळा बडोद्यात. १९६८ ला रॉ निघाली तेव्हाचे पहिले प्रमुख. फावल्या वेळात घोड्यांची शिल्पं घडवायचे.


दांडियाबाजारकर | सायं. ७:२०

वा! हे इथे प्रतिसादात वाया घालवू नका. १९५५ च्या 'काश्मीर प्रिन्सेस' या विमानातल्या स्फोटाच्या तपासापासून सिक्कीमपर्यंत कावसाहेबांचं बरंच काही लिहिण्यासारखं आहे. नवीन धागा काढा शंकासुरराव, आम्ही येतो. अट एकच, पहिल्या दहा प्रतिसादांत सलमान नको.


सराफा_रात्री_११ | सायं. ७:२२

अकराव्यात चालेल ना?